समेची फुली

पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांच्या स्वरलेखनपद्धतीने छापलेली एखादी चीज समोर धरली, तर तीन ओळी दिसतात. सर्वांत वर स्वर, त्यांच्याखाली गीताची अक्षरे आणि सर्वांत खाली तालाची चिन्हे. समेला फुली, खालीला शून्य, उरलेल्या टाळ्यांना आकडे. लखनऊच्या कैसरबागेत १९२६ साली भातखंड्यांच्या प्रेरणेने मॅरिस संगीत महाविद्यालय उभे राहिले. त्यालाच आज भातखंडे ह्यांचे नाव आहे व विद्यापीठाचा दर्जाही आहे. तेथे शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांनी ही तीन ओळींची मांडणी दूरवर नेली. एका मराठी माणसाने परप्रांतात केलेले हे कार्य आपल्या अभिमानाचा विषय आहे, आणि तो असायलाच हवा. परंतु समेची ती फुली नेहमी पानाच्या तळाशीच का असते, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे पडला नव्हता. तो पडला एका सर्वस्वी परक्या संगीतामुळे. त्या संगीताचे नाव फंक.

फंक हा अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाने घडविलेला संगीतप्रकार. त्याचा भराचा काळ स्थूलमानाने १९६५ ते १९८० असा धरावा. जेम्स ब्राऊन हा त्याचा प्रवर्तक आणि १९६७ सालचे 'कोल्ड स्वेट' हे गीत त्याचा पहिला पूर्ण नमुना, असे बहुतेक जाणकार मानतात. हे गीत मी आमच्या येथील एका वडीलधाऱ्या स्नेह्यांना ऐकविले. ते शास्त्रोक्त संगीताचे चांगले जाणते आहेत. त्यांनी शांतपणे शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, "अहो, ह्याला अस्ताई नाही, अंतरा नाही. हा गृहस्थ गात नाही, ओरडतो. आणि सगळी वाद्ये एकाच जागी उभी राहून पाय आपटताहेत. ह्याला गाणे का म्हणायचे?"

त्यांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी आहे. 'कोल्ड स्वेट' बराच वेळ एकाच स्वरसमूहावर उभे राहते. चालीला विस्तार नाही. गायनात हुंकार, किंकाळी आणि श्वास ह्यांचा भाग मोठा आहे. तरीही त्यांचा निष्कर्ष चुकीचा आहे असे मला वाटते. कारण त्यांनी पानावरची सर्वांत वरची ओळ वाचली आणि ती रिकामी सापडल्यावर पान मिटले. हे संगीत तळच्या ओळीत लिहिलेले आहे.

छावणीत राहणाऱ्याला पहिल्या मात्रेचा परिचय सकाळीच होतो. पलटणीचा बँड संचलनाला निघाला की मोठ्या ढोलाचा आघात डाव्या पावलाबरोबर पडतो. ही मात्रा म्हणजे हुकूम. शंभर पावले एक व्हावीत एवढाच तिचा हेतू; दोन आघातांच्या मध्ये कोणी स्वतःचे काही करावे अशी अपेक्षा नाही, किंबहुना तशी मुभाच नाही. छावणी मागे टाकून कैसरबागेकडे गेले म्हणजे पहिल्या मात्रेचे निराळेच रूप भेटते. तेथे सम हा मुक्काम आहे. विलंबित ख्यालात गायक आवर्तनभर भ्रमंती करतो, श्रोते वाट पाहतात आणि तो समेवर आला की सर्वांच्या माना एकदम हलतात. तबलजी तोवर ठेका धरून वाट राखीत असतो. लखनऊ बाजाचे खलीफा आबिद हुसेन खाँ हे ह्याच महाविद्यालयात तबला शिकवीत. तेव्हा तालविद्या तेथे उपेक्षित होती असे मुळीच नव्हे. परंतु ख्यालाच्या मैफलीत तिचे काम सांभाळण्याचे, आणि भ्रमंतीचा मान गायकाचा.

जेम्स ब्राऊनने ज्या मात्रेला नुसते 'एक' असे नाव दिले, ती ह्या दोहोंहून वेगळी आहे. त्याच्या आधीच्या नृत्यगीतांत चार मात्रांपैकी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर ठळक टाळी असे. ती टाळी त्याने काढून टाकली नाही, पण सगळा भार पहिल्या मात्रेवर आणला. आवर्तन चारच मात्रांचे आणि लय जलद, म्हणजे सम दर दोन सेकंदांच्या आसपास परत येते. जिची वाट पाहावी अशी ती सम नव्हे. ती पायाखालच्या जमिनीसारखी आहे. मग कान कशात गुंतून राहतो? तर दोन समांच्या मधल्या जागेत. प्रत्येक मात्रेचे चार भाग पडतात, म्हणजे दोन सेकंदांत सोळा कप्पे. त्रितालाच्या सोळा मात्रांवर वाढलेल्या कानाला ही संख्या ओळखीची वाटेल, पण त्या सोळांतले कोणते कप्पे भरायचे आणि कोणते रिकामे सोडायचे ह्याची वाटणी येथे अनेक वाद्यांत झालेली असते. 'कोल्ड स्वेट'मध्ये क्लाइड स्टबलफील्ड ह्या ढोलवादकाची दुसऱ्या मात्रेवरची टाळी जागच्या जागी पडते, आणि चौथ्या मात्रेवर अपेक्षित असलेली टाळी अर्धी मात्रा उशिरा येते. पाऊल उचललेले असावे आणि जमीन किंचित खाली सरकावी, तसा अनुभव येतो. लगेच 'एक' येतो आणि तोल सावरतो. फंकची सारी मौज ह्या जाणाऱ्या आणि सावरणाऱ्या तोलात आहे.

इतर वाद्येही हेच करतात. जिमी नोलन हा गिटारवादक तारा अर्धवट दाबून त्यांवरून हात असा फिरवी की स्वरापेक्षा खरखरच अधिक ऐकू यावी. कर्णे आणि सॅक्सोफोन लांबलचक स्वर न धरता एकेक तुटक फटकारा देतात. खर्जातली गिटार चालीला आधार देण्याऐवजी ढोलाशी सवालजवाब करते. आपल्याला प्रत्येक वाद्य, अगदी गिटारसुद्धा, ढोलासारखे ऐकू येई अशा आशयाचे ब्राऊनने स्वतःच सांगून ठेवले आहे. ह्या एका वाक्यात फंकचे शास्त्र आले.

परंतु शास्त्राइतकेच महत्त्व त्या इच्छेमागील इतिहासाला आहे. दक्षिण कॅरोलायना वसाहतीत १७३९ साली स्टोनो नदीच्या परिसरात गुलामांनी उठाव केला. त्या उठावात ढोल वाजले होते. दुसऱ्याच वर्षी तेथे जो कायदा झाला, त्याने गुलामांना ढोल, शिंगे व मोठा आवाज करणारी वाद्ये बाळगण्यास बंदी केली. मालकांना ढोलाची भीती वाटली, कारण तो दुरून बोलतो. ढोल गेला तेव्हा टाळी, पाऊल, मांडीवरची थाप आणि घशातला हुंकार ह्यांनी त्याचे काम चालविले. न्यू ऑर्लिन्स शहरात मात्र काँगो चौक नावाच्या मैदानावर रविवारी गुलामांना जमता, नाचता व ढोल वाजविता येत असे. यादवी युद्धानंतरच्या काळात त्याच शहरात कृष्णवर्णीयांची पितळी वाद्यांची पथके अंत्ययात्रांपुढे चालू लागली; जाताना संथ भजन आणि परतताना उसळती लय. म्हणजे पलटणीचा बँडच त्यांनी घेतला होता, पण त्यातील हुकमाची मात्रा सैल करून तिच्यात नाचणाऱ्या पावलाला जागा करून दिली होती. त्या शहरातील 'द मीटर्स' ह्या मंडळीच्या १९६९ सालच्या 'सिसी स्ट्रट' ह्या वाद्यगीतात ही वाट स्पष्ट ऐकू येते. ज्या समाजाचा ढोल एकदा हिरावून घेतला गेला, त्याने पुढे हाती आलेल्या प्रत्येक वाद्याचा ढोल केला, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

नावाचीही हीच कथा आहे. फंक ह्या शब्दाचा जुना अर्थ दुर्गंधी. घामाचा, कोंदट खोलीचा, दाटीने नाचणाऱ्या देहांचा वास. सभ्य समाजात नाक मुरडून उच्चारायचा हा शब्द जाझवादकांनी कौतुकाच्या अर्थाने वापरण्यास सुरुवात केली. होरेस सिल्व्हर ह्या पियानोवादकाने १९५३ साली आपल्या एका रचनेच्या नावातच तो घातला. ज्या वासावरून आपल्याला दूर ठेवले जाते, तो कष्टाचा आणि जिवंतपणाचा वास आहे, हे त्या नावात गृहीत आहे. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. ऑकलंड शहरात १९६६ साली स्थापन झालेल्या 'ब्लॅक पँथर' पक्षाच्या नावावरून मुंबईत १९७२ साली 'दलित पँथर' ही संघटना निघाली आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळ ह्यांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला. त्या संग्रहातील भाषेला कित्येकांनी नाक मुरडले ते कवितेतील प्रतिमा कच्च्या होत्या म्हणून नव्हे. त्या भाषेला वास येत होता म्हणून. एका खंडात जे शब्दांचे झाले ते दुसऱ्या खंडात लयीचे होत होते, आणि दोन्हीकडे आक्षेपाचा सूर एकच होता : हे कलेत बसत नाही.

ब्राऊनच्या गीतांना सार्वजनिक अर्थ कसा आला हे १९६८ साली दिसले. मार्टिन ल्यूथर किंग ह्यांची ४ एप्रिल रोजी हत्या झाली, अनेक शहरे पेटली. दुसऱ्या दिवशी बॉस्टनमध्ये ब्राऊनचा जलसा ठरलेला होता. तो रद्द न करता दूरचित्रवाणीवरून दाखविण्यात आला. लोक घरी बसून पाहत राहिले आणि शहर तुलनेने शांत राहिले. त्याच वर्षी त्याने आपल्या काळेपणाचा उघड अभिमान सांगणारे गीत काढले. त्यात एक ओळ तो म्हणतो आणि मुलांचा समूह उत्तर देतो. आपल्या शाहिरामागे झीलकरी जसे उभे राहतात, तशीच ही रीत आहे. शाहिराचा शब्द झील धरणाऱ्यांनी उचलला म्हणजे तो एकट्याचा राहत नाही.

एवढे सांगून थांबलो तर लेख स्तुतिपाठ होईल. ब्राऊनच्या संगीतात जेवढे स्वातंत्र्य ऐकू येते, तेवढे त्याच्या वादकांना लाभले नव्हते. रंगमंचावर कोणाचा सूर वा आघात चुकला की तो नाचता नाचताच बोटांच्या खुणेने दंड ठरवी. पगाराच्या आणि वागणुकीच्या तक्रारींवरून १९७० साली त्याच्या ताफ्यातील बहुतेकांनी बंड केले, तेव्हा त्याने बूट्सी कॉलिन्स आणि त्याचे तरुण साथीदार सिनसिनाटीहून आणून उभे केले व कार्यक्रम चालू ठेवला. हीच माणसे पुढे नावारूपाला आली हे खरे. पण मालकाच्या हातचा चाबूक ज्या संगीताने नाकारला, त्याच्या घडणीत दुसऱ्या एका मालकाची शिस्त होती, हे विसरून चालणार नाही. छावणीतला ढोल ह्या संगीतातून पुरता गेला नव्हता.

तो घालविण्याचा प्रयत्न दोघांनी केला. स्लाय स्टोनच्या पथकात काळे आणि गोरे, स्त्रिया आणि पुरुष एकत्र वाजवीत. त्यातील लॅरी ग्रॅहम हा खर्जाची गिटार अंगठ्याने ठोकून वाजवी. पूर्वी आईच्या साथीला वाजविताना त्यांच्याजवळ ढोलवादक नव्हता, म्हणून त्याने तारेलाच ढोल केले. गरजेतून निघालेली ही युक्ती पुढे खर्जवादनाची एक शैलीच झाली. परंतु स्लायचा आशावाद फार टिकला नाही; १९७१ सालच्या त्याच्या तबकडीत जिवंत ढोलाच्या जागी पुष्कळदा ताल धरणारे यंत्र आहे आणि सारे संगीत थकल्यासारखे, पडदा ओढलेल्या खोलीतून आल्यासारखे वाटते. माझ्या मते फंकमधील सर्वांत प्रामाणिक कृती तीच. दुसरा प्रयत्न जॉर्ज क्लिंटनचा. त्याने १९७५ साली 'मदरशिप कनेक्शन'मध्ये कृष्णवर्णीयांना अंतराळयानात बसविले आणि पुढच्या वर्षापासून खरोखरच रंगमंचावर यान उतरविले. त्या यानाची एक प्रतिकृती वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेली आहे. ह्यात विदूषकी पुष्कळ आहे, आणि काही रचना नको इतक्या लांबतात. तरी जहाजाच्या तळघरात कोंबून आणलेल्यांच्या वंशजांनी स्वतःच्या मालकीचे जहाज आकाशातून उतरवावे, ही कल्पना विदूषकी म्हणून सोडून देता येत नाही.

आता पुन्हा स्टबलफील्डकडे येतो, कारण माझ्या प्रश्नाचे मूळ त्याच्यापाशी आहे. हा चॅटानूगा गावचा. कारखान्यांच्या आणि आगगाड्यांच्या आवाजांतून त्याने लय उचलली. १९६९ साली मुद्रित झालेल्या 'फंकी ड्रमर' ह्या रचनेत ब्राऊन सर्व वाद्यांना थांबवितो आणि ढोलाला मोकळी जागा देतो. आणि तेथे तो ढोलवाल्याला सांगतो की एकट्याची करामत दाखवू नकोस, जे चालले आहे तेच चालू ठेव. काही क्षण नुसता ठेका ऐकू येतो. ठळक आघातांच्या मधून इतके हलके आघात पेरलेले आहेत की ते ऐकू येण्याऐवजी जाणवतात. ख्यालाच्या मागे कसबी तबलजीने धरलेला भरीव ठेका ज्यांनी लक्ष देऊन ऐकला आहे, त्यांना ह्या वीस-एक सेकंदांचे मोल कळेल. पुढे हिप-हॉपच्या पिढीने नेमका हाच तुकडा कापून घेऊन शेकडो गीतांखाली घातला. पण रचनेवर नाव ब्राऊनचे होते. चाल आणि शब्द ह्यांना कायदा रचना समजतो, ठेक्याला समजत नाही. स्टबलफील्ड २०१७ साली वारला. ज्या ठेक्यावर एका पिढीचे संगीत उभे राहिले त्याच्या हक्काचे मानधन त्याला कधी मिळाले नाही. अमेरिकेच्या कायद्याने नकळत भातखंड्यांच्या पानाचीच मांडणी स्वीकारली होती : वर स्वर, मग शब्द, आणि फुली तळाशी.

येथे आपल्याकडील हलगीची आठवण होणे अपरिहार्य आहे. तमाशाच्या फडात गणाच्या आधी हलगी आणि ढोलकी ह्यांची जुगलबंदी रंगते, आणि त्या वेळी हलगीवाल्याच्या दोन काठ्या, एक जाड व एक बारीक, जे करतात ते कोणत्याही फंकवाल्याने कान देऊन ऐकावे असे असते. मिरवणुकीत हा माणूस सर्वांच्या पुढे असे. पंगतीत तो कोठे बसे, हे सांगावयास नको. परंतु हे साम्य दाखवून समाधान मानणे सोपे आहे, आणि खोटेही आहे. अमेरिकेत ढोल वाजविण्यास बंदी होती, म्हणून तो हाती घेणे हे स्वातंत्र्य ठरले. महाराष्ट्रात वाजविण्याची सक्ती होती. ते जातीवर लादलेले गावकीचे काम होते. आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक ठिकाणी नवबौद्धांनी गावकीच्या इतर कामांबरोबर हे वाजविणेही सोडले. तेथे वाद्य खाली ठेवणे हेच स्वातंत्र्य होते. दुसरीकडे भीमराव कर्डक ह्यांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचाच साचा घेतला आणि तो स्वतःच्या विचारासाठी वापरला. म्हणजे लादलेले वाद्य टाकायचे आणि स्वेच्छेने निवडलेले हाती घ्यायचे, ही दोन्ही कृत्ये एकाच प्रतिष्ठेची आहेत. जो रसिक हलगीच्या लयीने डोलतो आणि ती खाली का ठेवली गेली हे विचारीत नाही, त्याने निम्मेच ऐकले.

आपल्या चित्रपटांनी हे निम्मे ऐकणे फार कौशल्याने केले. कल्याणजी-आनंदजींनी 'अपराध' (१९७२) आणि 'डॉन' (१९७८) ह्या चित्रपटांसाठी फंकच्या वळणाची जी गीते बांधली, ती आशा भोसले ह्यांनी गायिली. त्यांत लयीवर आरूढ होण्याचे त्यांचे कसब पाहण्यासारखे आहे. शब्द आघातावर न ठेवता त्याच्या किंचित मागेपुढे सोडण्याची कला त्या गळ्याला कोणी शिकवावी लागली नाही. परंतु ह्या लयीला पडद्यावर जागा मिळाली ती हॉटेलातील नाचाची, मोहात पाडणाऱ्या स्त्रीची, गुन्हेगारांच्या अड्ड्याची. तिकडे जी लय आत्मसन्मानाची खूण होती, ती इकडे दुराचाराची खूण झाली. आपण नाद घेतला आणि अर्थ बंदरावरच ठेवला. पुढे २००५ साली 'ब्लॅक आइड पीज' ह्या अमेरिकी मंडळीने ह्याच दोन गीतांचे तुकडे जोडून एक नवे गीत केले आणि त्याच्या नावात फंक ह्या शब्दावर कोटी केली. लय फिरून आपल्या घरी गेली, आणि जाताना सांगलीकडचा एक गळा बरोबर घेऊन गेली.

माझ्या स्नेह्यांना मी हे सारे एकदम सांगितले नाही. 'फंकी ड्रमर'मधील तेवढाच तुकडा पुन्हा लावला आणि विनंती केली की गाणे शोधू नका, नुसता हाताने ताल धरा. त्यांनी मांडीवर ताल धरला. दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनाला त्यांची मान समेवर हलली, आणि थोड्या वेळाने मधल्या एका हलक्या आघातावरही हलली. "हा मुलगा तयार आहे," ते म्हणाले. "नाव काय म्हणालात त्याचे?"

मी त्यांना नाव पुन्हा सांगितले. त्यांनी ते दोनदा उच्चारून पाहिले. फुलीच्या जागी एका माणसाचे नाव आले, आणि ह्या लेखाची मागणी एवढीच आहे.